नीनोच्या नोकरीचा उन्हाळा

कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरून झाला, टाकीत पाणी सोडलं आणि पंखा सुरू केला की पहिल्या दोन मिनिटांत घरभर जो वास सुटतो, तोच आम्हा नागपूरकरांचा उन्हाळ्याचा वास. ओल्या मुळांचा, थोडा मातकट, थोडा गोड. माझ्या नाकाला मात्र त्यात आता क्लोरीनचाही वास येतो. काल कूलरवाला काम आटोपून गेला, मी समोर पाय पसरून बसले आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशी चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा अंगावर आला. माझ्या सुनेला नोकरी मिळावी म्हणून मी तिला स्कूटीवर मागे बसवून गावभर हिंडवलं, तो उन्हाळा.

माझी सून नीनो. जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहराची. काळ्या समुद्राच्या काठावर हे शहर आहे, आणि तिच्या वडिलांची शेजारच्या खेड्यात संत्र्याची बाग आहे. म्हणजे संत्र्याच्या गावाची पोर संत्र्याच्याच गावात आली. माझा मुलगा अमेय डॉक्टरकी शिकायला तिकडे गेला होता. विदर्भातली पुष्कळ मुलं जातात. बाकीची डिग्री आणि जाड स्वेटर घेऊन परतली, आमच्या अमेयनं नीनोला आणलं. तिकडे ती एका शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. इथे आली तेव्हा तिला थोडी हिंदी येत होती. अमेयच्या मित्रांकडून शिकलेली, त्यामुळे तीत शिव्या होत्या आणि क्रियापदं नव्हती.

फोनवर ती "मामा, मामा" करत खूप वेळ बोलायची. शेजारच्या कुंदानं एकदा मला विचारलंच, "तुह्या सुनेले मामाचा भलताच लळा आहे वं! बापाचं नाव घेताना कधी ऐकली नाही." मला हसू आवरेना. मी तिला सांगितलं, त्यांच्या भाषेत मामा म्हणजेच बाप, आणि आईला म्हणतात देदा. कुंदा मूळची खाप्याची, माझी तीस वर्षांची शेजारीण, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या कॉलनीत झाली. त्यानंतर बायका रस्त्यात थांबवून नीनोला विचारायच्या, "मामा बरे आहेत नं?" तीही हसून "बरे आहेत" म्हणायची. 

पहिली दोन वर्षं नीनोला इथे काम करायची कायद्यानं परवानगीच नव्हती. ती घरात असायची. पोळ्या शिकली, मराठी बोलायला शिकली, देवनागरी शिकली, गॅलरीतल्या कुंड्यांत तिच्या देशातला कसला तरी पाला लावला. तो आमच्या पहिल्या उन्हानंच जळाला. मग फेब्रुवारीत ते परवानगीचं कार्ड आलं. अमेयनं पेढे आणले. आम्हाला वाटलं, अडचण संपली. खरं तर कायद्याची हरकत संपली होती; काम देणाऱ्यांची अजून सुरूही झाली नव्हती.

मार्च संपत आला होता. गच्चीवर आम्ही दोघी कुरडया घालत होतो. मी सोऱ्या दाबत होते, ती पसरलेल्या प्लास्टिकची टोकं दगडांनी दाबत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, मी इथे पाहुणी आहे."

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. सगळे चांगले आहेत. पाहुण्यांशी सगळे चांगलेच वागतात." तिनं आणखी एक दगड ठेवला. "तुम्ही मला विळी देत नाही, बोट कापेल म्हणून. अमेय मला बँकेत एकटी जाऊ देत नाही, गोंधळ होईल म्हणून. पाऊस येईपर्यंत मला काम मिळालं नाही तर मी घरी जाईन. अमेयला सोडून नाही. पण आई, इथे मी रोज थोडी थोडी कमी होते आहे."

माझ्या हातातली कुरडई वाकडीतिकडी पडली. ती काय म्हणत होती ते मला पुरतं कळलं होतं. मी स्वतः आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केलं. रुजू झाले त्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "यजमानांना चांगली नोकरी आहे ना? मग तुम्हाला काय गरज?" बाईच्या नोकरीला हा 'गरज' शब्द कायमचा चिकटलेला. चूल पेटत नसेल तर गरज, नाहीतर हौस. माणसाला सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं, तिथे आपलं नाव घेऊन कुणीतरी आपली वाट पाहत असावं असं वाटतं, हीही गरजच आहे. साहेबांना हे मी तेव्हा सांगू शकले नव्हते.

"उद्यापासून शोधू," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

पोहण्याचे तलाव एप्रिलशिवाय उघडत नाहीत, म्हणून आम्ही दुसरीकडे सुरुवात केली. नागपूरच्या उन्हात बाहेर पडायचं म्हणजे तयारी लागते. दोघींनी तोंडाला दुपट्टे बांधायचे, फक्त डोळे उघडे. पर्समध्ये कांदा, डिकीत पन्ह्याची बाटली. दुपट्ट्याआड नीनो आणि मी सारख्याच दिसायचो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला तिला बिनदिक्कत पत्ता विचारायचा, आणि ती मला हळूच म्हणायची, "आई, आत्ता मी नागपूरची आहे."

दुपट्टा सोडला की मात्र सगळं बदलायचं. एका शाळेत बाईंनी तिला पाहिलं आणि उठून स्वागतच केलं. इंग्रजी शिकवाल का? नीनोनं सरळ सांगितलं की तिचं इंग्रजी कच्चं आहे.

"चालेल हो," बाई म्हणाल्या. "पालकांना वर्गात अशी टीचर दिसली की बरं वाटतं."

"पण मुलं चुकीचं शिकतील."

"ते आम्ही बघू ना."

"मी नाही बघू शकणार," नीनो म्हणाली आणि नमस्कार करून उठली. मी तिच्या मागे. जिन्यात मला क्षणभर वाटलं, इतकं चोख वागायची काय गरज होती? हातची नोकरी गेली. पण 'गरज' हा शब्द मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

बर्डीच्या बाजारात एका गारेगार ऑफिसात लग्नसमारंभांची व्यवस्था करणारा एक तरुण बसला होता. अतिशय अदबीनं बोलला. काम सोपं होतं. लेहंगा घालून मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. "फॉरेनर असली की वरपक्षावर इम्प्रेशन पडतं, मॅडम. सीझन चालू आहे, काम भरपूर आहे."

"आणि बोलायचं काय?" नीनोनं विचारलं.

"काहीच नाही. फक्त स्माइल."

नीनो उभी राहिली. "नुसतं उभं राहायला मी इतक्या लांब आले नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिनं क्रियापदासकट, अगदी बिनचूक म्हटलं.

बाहेर लू वाहत होती. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. स्कूटी चालवताना माझ्या खांद्यावर दुपट्ट्यातून गरम श्वास लागू लागला, मग ओल लागली. ती रडत होती. रसवंतीच्या कडुनिंबाखाली गाडी थांबवली, दोन रस सांगितले. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत राहिला. तिनं रस संपवला, दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले, पुन्हा घट्ट गाठ मारली आणि विचारलं, "पुढचं कुठे?"

त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर ते हे "पुढचं कुठे?". व्यायामशाळेत म्हणाले, बाई चांगल्या आहेत, पण आमच्या मेंबरांशी बोलणार कोणत्या भाषेत. एका ठिकाणी म्हणाले, तुमच्या देशाचा अनुभव इथे कसा धरायचा. एकांनी मुलाखतभर जॉर्जियात थंडी किती असते याचीच चौकशी केली. प्रत्येक जिना उतरताना माझे गुडघे कुरकुरायचे आणि मागून तिचा आवाज यायचा, "पुढचं कुठे?" दुपट्टा बांधूनही तिच्या नाकाची साल निघाली होती. अमेय रात्रपाळी करून आला की तिच्या नाकाला मलम लावायचा आणि म्हणायचा, "राहू दे ना आता. मी कमावतो आहे." ती त्याच्या हातातून मलमाची ट्यूब काढून घ्यायची आणि स्वतः लावायची.

एप्रिलमध्ये तलाव उघडले. पहिल्या दोन ठिकाणी जागा नव्हती. तिसऱ्या तलावावर पत्र्याच्या सावलीत व्यवस्थापक बसला होता, डोक्यावर ओला टॉवेल.

"मॅडम, कोच आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "अन् लेडीज बॅच तर चालूनच नाही राहिली. बाया येतच नाहीत."

"काहून?" मी विचारलं.

"आता ते बायांनाच मालूम."

नीनो काठाकडे पाहत होती. तिथे खुर्ची टाकून एक पुरुष कोच शिटी वाजवत बसला होता. "तिथे हे बसले तर बाया कशा येतील?" ती म्हणाली.

व्यवस्थापकाला हे पटल्यासारखं दिसलं, पण तो लगेच सावरला. "अन् तुम्ही उद्या आपल्या देशात निघून गेल्या, तर बॅच कोण घेईन?"

"इथल्या मुलीसुद्धा लग्न करून दुसऱ्या गावी जातात. त्यांना विचारता का हे?"

तो हसला. मग म्हणाला, "पोहून तर दाखवा."

पोहण्याचे कपडे ती पहिल्या दिवसापासून रोज बॅगेत घेऊन फिरत होती, हे मला त्या क्षणी कळलं. ती आत गेली, बदलून आली, काठावर उभी राहिली आणि पाण्यात शिरली. शिरली म्हणजे उडी मारली असंही नाही. पाण्यानं तिला आत घेतलं. पाण्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही. त्या टोकाला गेली, वळली, परत आली. शिटीवाला कोच खुर्चीतून उठून उभा राहिला होता. दोन वर्षं ही पोर माझ्या घरात कपबशी फुटेल का, मीठ जास्त पडेल का, साडीचा पदर सुटेल का अशी जपून वावरत होती. मी तिला तशीच ओळखत होते. पाण्यात तिला कुणी पाहुणी म्हटलं नसतं. तिथे काठावरचे आम्हीच पाहुणे होतो.

व्यवस्थापकानं टॉवेल काढून तोंड पुसलं. "दहा बाया आणा. सोमवारी. दहा आल्या तर सीझनभर बॅच तुमची."

दहा बाया! लग्नाला बोलवा, शंभर येतील. हळदीकुंकवाला न बोलावता येतील. पण पोहायला? मी कॉलनीत घरोघर फिरले. एकीला बीपी होतं, एकीची सासू काय म्हणेल, एकीचे केस खराब होणार होते, आणि कपड्यांचा प्रश्न तर सगळ्यांनाच होता. कुंदाच्या घरी गेले तेव्हा ती सांडगे उलथत होती.

"मले बुडवून मारतं का वं या वयात?" ती म्हणाली.

"अगं, नीनो असेल ना पाण्यात."

"ते सोड. तू उतरून राहिली का?"

या प्रश्नाचा विचारच मी केला नव्हता. माझ्या डोक्यात मी काठावर पर्स सांभाळत बसलेली होते. मी कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. वय अठ्ठावन्न, साडीशिवाय दुसरं काही घालून चारचौघांत गेले नव्हते. कुंदा सांडगा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. आणि मला गच्चीवरची ती वाकडी कुरडई दिसली, आणि 'पाऊस येईपर्यंत' हे शब्द.

"हो," मी म्हटलं. "उतरते आहे ना मी."

"मंग मी बी येतो," कुंदा म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशा बोलतात, येतो, जातो. "मेली तर तुह्याच नावानं मरीन."

सोमवारी सहाच जणी आल्या. पूर्ण बाह्यांचे, पोटरीपर्यंतचे काळे पोशाख घालून आम्ही सहा जणी कपडे बदलायच्या खोलीत एकमेकींकडे न बघता उभ्या होतो. व्यवस्थापक बाहेरून ओरडला, "दहा म्हटलं होतं, मॅडम!"

नीनो पाण्यातूनच म्हणाली, "या सहा जणी हसत बाहेर आल्या, तर उद्या चार जास्त येतील. आज त्या कोचला बाहेर चहा पाजा." तो कोच खरंच उठून गेला.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझं अवसान संपलं. पाणी छातीला लागलं आणि श्वासच येईना. मी शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. माझ्या मागे पाच जणी वाट पाहत होत्या आणि मी वळून वर आले तर त्या सगळ्या वळणार, हे मला माहीत होतं. नीनो माझ्यासमोर आली. घरात इतकी हळू बोलणारी मुलगी, तिचा आवाजच वेगळा होता.

"आई, दांडा सोडा."

"सोडते. थांब."

"थांबणार नाही. डोकं माझ्या हातावर ठेवा. मान सोडा. तुम्ही मान नेहमी धरून ठेवता. ऑफिसातपण अशीच धरत होता का?"

मला हसू आलं, आणि हसता हसता हात सुटला. तिचा एक तळवा माझ्या डोक्याखाली, एक पाठीखाली. कान पाण्यात गेले तसा रस्त्यावरचा हॉर्न, कुंदाची बडबड, सगळं दूर गेलं. वर उन्हानं पांढरं झालेलं आभाळ. पाठीखालचा हात केव्हा निघाला ते मला कळलं नाही. मला कळलं तेव्हा नीनो दोन हात लांब उभी होती आणि मी तरंगत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन मी उचललेलं नव्हतं.

माझ्यामागून कुंदा उतरली, मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत. नंतर काठाला धरून पाय मारता मारता ती एकदम म्हणाली, "खाप्याले आमचं घर नदीच्या काठालेच. भाऊ कन्हानमंधी उड्या मारत. आम्ही पोरी धुणं धुवो अन् पाहो. तू बी ये, असं मले कोणं कधी म्हटलंच नाही." ती रडत होती की तोंडावर पाणी होतं, ते कळलं नाही. नीनोला त्यातलं किती समजलं, कोण जाणे. तिनं कुंदाचे दोन्ही हात धरले आणि तिला काठापासून ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी नऊ जणी आल्या. दहावी व्यवस्थापकाची बायको होती.

नवतपा लागला तेव्हा, नागपूर भट्टीसारखं तापतं त्या दिवसांत, बॅचला जागा उरली नव्हती. दाराच्या फळ्यावर कुणीतरी 'नीना मॅडम' लिहिलं होतं. नीनोनं खडू मागून घेतला, शेवटच्या कान्यावर एक मात्रा दिली, आणि 'नीनो' असं केलं. मग मागे होऊन, आपण शिकलेलं अक्षर बरोबर आलं का ते पाहत राहिली.

पावसाळ्यात तलाव बंद झाला आणि काम थांबलं. नीनो महिनाभर बाटुमीला गेली. जाताना तिनं परतीचं तिकीट मला दाखवलं, तरी तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. अमेय जेवायला बसला की मी उगीच विचारायची, "फोन आला होता का?" ती ठरलेल्या दिवशी आली, आणि आल्या आठवड्यात पुन्हा जिने चढू लागली. हिवाळ्यासाठी काम शोधायचं होतं. प्रशिक्षकाच्या परीक्षेत लेखी पेपरात एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. आता एका शाळेच्या छपराखालच्या तलावावर ती वर्षभर शिकवते, आणि उन्हाळ्यात सकाळी आमची बॅच घेते. सगळं सुरळीत झालंय असं नाही. दरवर्षी करार नवा होतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, परत कधी जाणार?" ती म्हणते, "संध्याकाळी. सासूबाई वाट पाहतात."

बायकांत राहून तिची मराठीही पाण्यातलीच झाली आहे, कुंदाच्या वळणाची. मला ती कधी कधी हसू येईल इतकी अस्सल वाटते.

परवा बॅचला सावनेरची एक मुलगी नवीन आली. इंजिनियर आहे, नुकतंच लग्न झालंय, नवऱ्याबरोबर जर्मनीला जायचंय. जायच्या आधी पोहणं शिकायचं म्हणून माहेराहून एवढं अंतर तोडून रोज येते. पण पाण्यात न उतरता ती काठावर पाय सोडून बसली होती. नीनो तिच्यासमोर येऊन थांबली.

"मॅडम, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "तिकडे मला काम मिळेल का? भाषा येत नाही. ओळखीचं कुणी नाही."

नीनोनं पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला. मी शेजारीच पाय मारत होते, थांबले. मला वाटलं, आता ती काहीतरी गोड बोलेल.

"पहिलं 'नाही' तू स्वतः नको म्हणू," ती म्हणाली. "ते म्हणायले लोकं आहेत."

"अन् सगळ्यांनीच नाही म्हटलं तर?"

"एका दिवसात सगळे लोकं विचारून होत नाहीत." नीनोनं तिचा हात धरला. "चल. उतर. तोंड पाण्यात घाल."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. ती काठावरून खाली उतरली, दचकली, छातीभर श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातलं.